मुरुडच्या पुढं तुटलेला सेंटर बोल्ट

आई गेली त्या दिवशी मी टँकरवर होतो. दुष्काळाचं साल, आणि आमचा लातूर जिल्हा नवाच झालेला. सकाळी पाणी भरायच्या विहिरीवर चुलतभाऊ सायकलवरून सांगायला आला. मी त्याला म्हणालो, "तू हो पुढं, मी भरून येतो." टँकर त्या दिवशी आमच्याच गावाला लागलेला होता. आईला आंघोळ घालायलाही घरात पाणी नव्हतं, हे त्यानं सांगितलं नसतं तरी मला माहीत होतं.

मुरुडच्या पुढं गाडी एका अंगाला ओढायला लागली. उतरून पाहिलं तर मागच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला. स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांची चळत ॲक्सलवर जागच्या जागी धरणारा हा बोल्ट. तो गेला की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरपी पळते. टायर बॉडीला घासून करपला होता. नवा बोल्ट पेटीत होता. पण जुन्याचा खालचा अर्धा तुकडा ॲक्सलच्या भोकात अडकून बसलेला, आणि तो काढायचा तर आधी पाट्यांवरचं वजन उचलायला हवं.

जॅक लावला, तो मातीत रुतला. खाली दगड घातला, तर दगड फुटला.

बरोबर क्लीनर होता, माझ्या बापाच्या वयाचा. सगळे त्याला मामा म्हणत. तो म्हणाला, "पाणी सोडल्याबिगर न्हाई उचलायची ही."

"मामा, हा रस्ता मधी दुसऱ्या जिल्ह्यातनं जातो, हे गाव आपल्यात न्हाई. हद्दीबाहेर थेंब सोडू नका म्हणून सांगितलंय."

"मंग सायबाला बोलाव. म्हणाव, या, धरा गाडी उचलून."

मी टाकीचा कॉक उघडला.

रस्त्यालगतच्या वस्तीवरून बाया घागरी घेऊन पळत आल्या. जिल्हे वेगळे होण्याआधी मीच त्यांना पाणी पोचवायचो. घागर लावता लावता एक म्हातारी म्हणाली, "वळखलंस का रं ड्रायव्हर? का औंदा परमुलखाचे झालो आमी?"

मी पाना उचलला. गाडीखाली शिरून पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले करायला लागलो. मामानं तिला हळूच सांगितलं, "मावशे, त्याची माय गेली सकाळी. तिच्यासाठीच पाणी चाललंय."

म्हातारीनं घाईनं कॉक बंद केला. "आगं बया. मंग ठिव की लेकरा. तिला न्हाऊ घालाय नको?"

मी बाहेर आलो, पान्यानं टाकीवर ठोकलं. आवाज अजून भरीव होता.

"सोडा मावशी," मी म्हणालो. "अजून जड हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं कॉक उघडला, पण घागर लावली नाही. पाणी तसंच मातीत गेलं. थोड्या वेळानं दुसऱ्या बाईनं आपली घागर धारेखाली सरकवली.

मी परत गाडीखाली गेलो. तुकड्यावर डिझेल सोडलं, पंच धरून हातोडा मारत राहिलो. त्या सगळ्या वेळात आई मला एकदाही आठवली नाही. कडेला गंजलेला, मध्ये ताजा चकाकणारा तो तुकडा तेवढा दिसत होता, आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं. टाकी हलकी झाली, जॅकनं गाडी धरली, तसा तुकडा खाली पडला. "निघाला!" म्हणून मी ओरडलो. हसलोही. मामानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

नवा बोल्ट घालून गावात पोचलो, तर रांग उभीच होती. टँकर आला की पाणी किती ते ऐकायला कुणीतरी टाकीवर बुक्की मारतंच. तशी एकानं मारली, आणि टाकी पोकळ वाजली. तेवढ्यात त्यानं मला पाहिलं, हात मागं घेतला आणि लोकांना म्हणाला, "सरका. गाडी आधी त्याच्या घरला जाऊ द्या."

कुणी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दारात बहीण घागर घेऊन उभी होती. "किती घेऊ, दादा?"

मी टाकीवर ठोकून पाहिलं. मागून चालत आलेल्या माणसांकडं पाहिलं.

"दोन घागरी घे. बस."

तिनं दोनच घेतल्या. आईला हात लावायचा होता आणि माझे हात कोपरापर्यंत काळे होते. बहीण ओतत राहिली, मी चोळत राहिलो, ग्रीस काही निघेना. त्यातली एक घागर माझे हात धुण्यातच गेली.