कर्णिककाकांची जोडी

कर्णिककाकांकडची ती दोन पदकं बघायची तर दोन्ही हात रिकामे लागत. "कप ठेव आधी," म्हणायचे. मग एक डाव्या तळहातावर, एक उजव्या. एकच द्या म्हटलं की डबी बंद.

दोन्हींच्या कडेवर एकाच इंग्रज खलाशाचं नाव कोरलेलं. पहिलं सत्तावन्नचं: लखनौला यानं जहाजावरच्या तोफा ओढत नेल्या, आपल्या माणसांवर डागल्या, खांद्यात गोळी खाल्ली. दुसरं, पुढे लंडनच्या अग्निशमन दलात असताना जळत्या घरातून दोन मुलं बाहेर काढल्याबद्दल. पहिलं काकांना इथे जर्मनीत, डार्मश्टाटच्या जुन्या बाजारात मिळालं. विक्रेते अशा जोड्या फोडून विकतात, म्हणून दुसरं शोधण्यात निवृत्तीनंतरची नऊ वर्षं गेली.

"असलं पदक घरात ठेवायची लाज नाही वाटत?" मी विचारलं होतं.

"वाटते ना. म्हणून तर दुसरं शोधलं."

शस्त्रनिर्यातीविरुद्ध चौकात आमच्या गटाचं टेबल लागणार होतं. मला लढाईचं पदक हवं होतं. "दोन्ही ने, नाहीतर राहू दे," काका म्हणाले. मी दोन्ही नेली आणि टेबलावर एकच ठेवलं. शेजारी माझं पत्रक: 'हे खुन्याचं बक्षीस आहे.'

दुपारी काका आले. वय ऐंशी, हातात चाकांचा वॉकर. पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"आल्झो, म्हणजे बघ, एक शब्द खोटा नाही. पण खुनी म्हटल्यावर त्या माणसाचं पुढे काय करायचं, ते नाही लिहिलंस."

त्यांनी हात पुढे केला. मी पिशवीतून दुसरं काढून दिलं.

मग हा माणूस थंडीत चार तास उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला पिशव्या खाली ठेवायला लावून दोन्ही पदकं हातात देत होता. लखनौचं काही लपवलं नाही, कुठे मऊ केलं नाही. "दोन्ही यानंच केलं. गेनाऊ, अगदी, यानंच." लोक हातांकडे बघत राहायचे. माझं पत्रक वाचून कुणी इतकं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

काका मार्चमध्ये गेले. म्युनिकच्या एका विक्रेत्याला फक्त लढाईचं हवं होतं.

"तुला तर ते डोळ्यांसमोर नको असायचं," काकू म्हणाल्या. "देऊन टाकू?"

"दुसऱ्याशिवाय नाही, काकू."

"मग तूच सांभाळ बाई," म्हणून त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली.

पहिल्या पदकाचा राग अजून तसाच आहे. तो सोड, असं काकांनी कधी सांगितलंच नव्हतं.