अकरा ठिपके

मोहन राठोड गेले, हा फोन आला तेव्हा मी औषधांच्या खोलीत गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होतो. "काका, बाबा गेले," त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला. दारव्ह्याच्या बाजारातून भाजी घेऊन आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत... वय छप्पन्न. नोकरी सोडून जेमतेम पाच महिने झालेले. मी पुन्हा पट्ट्या मोजायला घेतल्या. तीनदा मोजल्या, तीन वेगळे आकडे आले.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात ते प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि मी औषध निर्माता. एकोणीस वर्षं शेजारशेजारच्या खोल्या. तापाच्या रुग्णाचं रक्त काचपट्टीवर घेऊन त्यात हिवतापाचे जंतू शोधायचे, हे त्यांचं काम. रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी ते एक जुनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. तिच्यावर आखलेल्या गोलात अकरा जंतू होते, अकरा जांभळे ठिपके. ते सगळे दिसले की हाक यायची, "चला भाऊ, डोये आले ड्युटीवर!"

सरकारी माणसाला पंचावन्नला सक्तीनं घरी पाठवावं, असं ते उघड म्हणत. चहाच्या वेळी सगळे तुटून पडत. रुग्णवाहिकेचा चालक म्हणायचा, "राठोड सायेब, तुमाले घरी जायची घाई, आमाले कायले ओढता?" त्यावर हे म्हणत, "तुह्या गाडीचे ब्रेक तपासतात. तुले कोन तपासते रे?" मी म्हणायचो, मग परीक्षा घ्या, वय कशाला? ते मान हलवत. "परीक्षा सायबाच्या मर्जीची होते, भाऊ. नावडता तो नापास. वयाले कोनाची मर्जी लागत नाही. आन् नजर गेली, हे नजर सांगत नाही नं."

पंचावन्न पूर्ण झाली त्या आठवड्यात ते स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मी कागद ओढून निवृत्तिवेतनाचं गणित मांडलं, त्यांच्या मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष दाखवलं. म्हटलं, चांगली माणसं अशी निघून गेली तर दवाखाना चालवायचा कोणी? एक वर्ष थांबा. त्यांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. मला वाटलं, मी जिंकलो.

त्या श्रावणात कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका मुलीची काचपट्टी त्यांनी 'जंतू नाहीत' म्हणून लिहिली. फेरतपासणीत जंतू निघाले. मधे नऊ दिवस गेले होते. मुलीला यवतमाळला न्यावं लागलं. ती वाचली. राठोड तीन वेळा पोडावर जाऊन तिला पाहून आले. मी म्हणालो, एवढ्या वर्षांत एखादी चूक कोणाचीही होते. वर्ष भरताच अर्ज दिला आणि गेले.

त्यांच्या मृत्यूनंतर लोक म्हणाले, घरी बसल्यानं माणूस खचला. मलाही तेच वाटलं. महिनाभरानं मी त्यांच्या तांड्यावर गेलो. वहिनींनी एक वही आणि कापसात गुंडाळलेली काचपट्टी पुढे केली. "भाऊ, हे दवाखान्याचं दिसते. मले काई कयत नाही."

वहीत रोजची तारीख आणि एक आकडा. वर्षानुवर्षं अकरा. मग दहा. अर्ज घेऊन आले त्या दिवशी नऊ, आणि पुढे लिहिलेलं, 'भाऊ म्हणतात थांबा.' मग आठ, नऊ, आठ. पोडावरच्या मुलीची काचपट्टी तपासली त्या दिवशी सात. मला आकडे वाचता येतात, असा माझा समज होता. सकाळची ती हाक केव्हा बंद झाली, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

परत येताना मी एकच आशा धरून होतो... काचपट्टी जुनी, रंग उडाला असेल, दोष डोळ्यांचा नसेल. दुसऱ्या दिवशी नव्या तंत्रज्ञ मुलीसमोर ती ठेवली. कितीची अपेक्षा आहे, ते सांगितलं नाही. तिनं मोजलं, परत मोजलं. "अकरा आहेत, सर."

पंचावन्नला सक्तीनं घरी, हे त्यांचं म्हणणं आता मला पटलं आहे. रोज स्वतःला मोजणारा माणूससुद्धा मित्राच्या शब्दासाठी वर्षभर थांबतो. मग न मोजणाऱ्यांचं काय? जाणं ज्याच्या त्याच्या मनावर ठेवलं, की घर धरून ठेवतं, सवय धरून ठेवते, माझ्यासारखा कोणीतरी कागदावर गणित मांडतो. सक्तीच्या नियमानं काही धडधाकट माणसंही जातील. तो तोटा मला मान्य आहे. तो आपल्या पदरी पडतो. त्या नऊ दिवसांचा ताप पोडावरच्या मुलीनं सोसला.

काचपट्टी आता प्रयोगशाळेत आहे. रोज सकाळी भिंतीपलीकडून आवाज येतो, "सर, अकरा!" मग मी गोळ्यांची एक पट्टी हातात घेऊन तिच्यावरची मुदतीची तारीख चष्म्याशिवाय वाचतो, आणि नंतर चष्मा लावून. मला चोपन्न पूर्ण झाली. मीही वही केली आहे. काल आठाचा तीन वाचला, तो तसाच लिहिला.