लाल एसटीचं स्वप्न

सकाळी खिडकी उघडली की समोरच्या घरातल्या तांदळाच्या उकडीचा वास थेट माझ्या ओट्यापर्यंत येतो. गरम, ओलसर, किंचित गोड. आमच्या भिवंडीत वासांना तोटा नाही. सुताचा आहे, लूमच्या तेलाचा आहे, नाल्याचं तर विचारूच नका. पण या एका वासाबरोबर माझ्या सासूबाई डोळ्यांसमोर येतात. ओढणी मागे खोचून परातीशी बसलेल्या, आणि जगबुडी आली तरी आधी भाकरीची कड फाटत नाही ना, ते बघणाऱ्या. आमच्या पडत्या दिवसांतही त्या तशाच बसायच्या. तेव्हा मला त्याचा रागच यायचा.

आमचा यंत्रमागांचा कारखाना बंद पडला होता, तेव्हाचे ते दिवस. लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. नवरा दिवसभर घरात. पंखा उघड, नळ उघड, जे धड चाललंय तेही उघडून बघ. अशात दुबईहून नणंदेच्या नवऱ्याचा निरोप आला, माझ्या दुकानात कामाला ये. गेला तर घर सावरणार होतं, पण लेक नुकती पाऊल टाकायला लागली होती आणि तिला बाप फोनमध्येच दिसणार होता. राहिला तर खायचं काय? शेवटी त्यानं सगळं माझ्यावर टाकलं. म्हणाला, "तू इस्तिखारा कर. तुला जे दिसेल ते मी मानीन."

इस्तिखारा म्हणजे दोन रकात नमाज पढून अल्लाहकडे वाट मागायची. यात भलं असेल तर सोपं कर, नसेल तर आमच्यापासून दूर ने, आणि जे होईल त्यात मनाला राजी ठेव. मागणं खरं तर एवढंच. पण आमच्या बायकांनी त्याला एक शेपूट जोडून ठेवलंय, की मग स्वप्न पडतं. हिरवं-पांढरं दिसलं तर होकार, लाल-काळं दिसलं तर नकार. त्यानं जाऊ नये असंच मला आतून वाटत होतं, कशाला खोटं बोलू? तरी ती आस बाजूला सारून मी मनापासून दुआ मागितली. बरेच दिवस काहीच दिसलं नाही. मग एका पहाटे दिसली ती वाड्याला जाणारी एसटी. लालभडक, खच्चून भरलेली. आली आणि गेली.

सासूबाईंची धाकटी बहीण शेजारीच राहायची. तिनं ऐकलं मात्र, लगेच निकाल दिला, "लाल दिसलं ना? मग नको जायला." नवऱ्याचं उलटंच. "गाडी दिसली म्हणजे प्रवास हाय. जायचंच." दोघांची चांगलीच जुंपली. स्वप्न पडलं मला, पण मला कोणी विचारीना. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "येष्टी लालच असते गो. रोज नाक्यावरनं जाते. ती दाखवाया अल्लाहनं तुला झोपवली व्हय?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. म्हटलं, "मग अम्मी, मला कळायचं कसं? तुम्हाला काय दिसायचं?" कारण अख्ख्या मोहल्ल्यातल्या बायका आपल्या अडचणी घेऊन त्यांच्याकडे यायच्या.

"मला? मला कधीच कायबी दिसलं न्हाय," त्या म्हणाल्या. "लगीन ठरलं तवा न्हाय. तुझा सासरा गेला नि कारखाना हातात घेतला, तवा बी न्हाय. दुआ मागायची, बरं वाटंल त्या कामाला लागायचं. अडवायचं असंल तर तो अडवतो. त्याला तुझं सपान लागत न्हाय."

मी थक्क झाले. या बाईला वरून काहीतरी दिसत असणार, म्हणून ती एवढी निवांत आहे, असं मी धरून चालले होते. ती तर माझ्याइतकीच अंधारात चालत आली होती, फक्त कुरकुर न करता. मन नको म्हणत होतं, पण घर सावरायचं तर जाणंच बरं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मीच नवऱ्याला म्हटलं, निघायची तयारी करा. कागदपत्रं दुबईला गेली. रिकामा वेळ खायला उठतो म्हणून तो ओळखीच्यांचे बिघडलेले लूम दुरुस्त करून देऊ लागला. आणि सगळं जुळत आलं असताना फोन आला, की दुकानाची जागा भाड्याची, जागेच्या मालकाला ती परत हवी आहे, दुकानच बंद होतंय. नवऱ्यानं भरलेली बॅग पुन्हा सोडली. सासूबाईंनी त्याला एका शब्दानं समजावलं नाही. जेवायच्या वेळी ताट तेवढं पुढे सरकवलं. हळूहळू दुरुस्तीचीच बोलावणी वाढली, पार कोन गावापर्यंतची. आज तेच आमचं पोट आहे. श्रीमंती नाही आली, पण दुपारी तो घरी जेवतो आणि लेकीशी हुज्जत घालतो.

सासूबाई आता नाहीत. नमाजानंतर त्यांच्यासाठी हात उचलते, तेव्हा दुबईतल्या त्या जागेच्या मालकासाठीही दुआ मागते. त्याचं नाव मला ठाऊक नाही, आणि त्यानं माझ्यासाठी काय केलं ते त्याला ठाऊक नाही.