हातातले वीस मार्क

मला मूलबाळ नाही. तरी बार्शीकडच्या वाशीतल्या आमच्या हायस्कूलच्या पालकसभेला मी दरवर्षी न चुकता हजर असते, आणि एका वर्षी तर मी एकटी आठ लेकरांची पालक होते. यात माझ्या चांगुलपणाचा काही संबंध नाही. माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे, एवढंच. आमचं गाव तिथून एसटीनं अर्ध्या तासावर. गावातली शाळा आठवीपर्यंत, नववीला पोरं तालुक्याला येतात. सभेचा निरोप गावात पोचतो तेव्हा पेरणीची घाई असते, आणि मग एकेका घरातून फोन येतो, "वन्सं, तुमी हायतच की तिथं. बसा जरा आमच्या नावानं."

मी त्या गावची लेक. लग्न टिकलं नाही, माघारी आले, वडिलांनी हे दुकान काढून दिलं. गावच्या लेकीला गावातल्या सुना वन्सं म्हणतात आणि पोरं आत्या म्हणतात, त्याला काही इलाज नसतो. शिकले मीही याच हायस्कूलात. दहावीला गणितात गेले आणि परत बसले नाही. मला गणिताचं डोकंच नाही असं सगळे म्हणत, मीही म्हणे. त्यावर कधी वाद झाला नाही.

त्या वर्षीच्या सभेत गणिताच्या सरांनी विचारलं, "ताई, तुमची किती?" मी म्हटलं, आठ. मागचे दोन-तीन खरे पालक हसले. मग सरांनी नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. तेव्हा आठवीपर्यंत कुणाला नापास करत नसत, त्यामुळे पोरांना वाटतं शाळा म्हणजे सरकता जिना, नुसतं उभं राहिलं की वर जातोच. नववीत तसं नाही. पास व्हायला पस्तीस लागतात. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. पेपर ऐंशी मार्कांचा असतो आणि उरलेले वीस शाळा देते. "ते वीस आमच्या हातात आहेत," सर म्हणाले, "त्याची काळजी करू नका."

हे सगळं पुढं पोचवायचं काम माझं. पोरांना मी संध्याकाळी एसटीची वाट बघताना दुकानाच्या पायरीवर बसवते आणि एकदाच सांगते. मला दोनदा सांगायचा कंटाळा आहे. प्रत्येक विषयाला वेगळे सर असतात, त्यामुळे एक ओरडला म्हणून शाळाच वाईट असं समजू नका. तास संपला की उठून घरी जायचं नसतं. गावच्या शाळेत तुम्ही सगळे मिळून एका सुरात उत्तर देत होता, इथं एकट्यानं द्यावं लागतं. हे शेवटचं ऐकून पोरं एकमेकांकडं बघतात. घरच्यांना मी फोनवर सांगते, सरांचे शब्द जसेच्या तसे. हजेरी, पस्तीस, आणि सरांच्या हातातले वीस.

त्या आठांत एक पोरगी होती. गावच्या शाळेत पहिली यायची. गाडीला उशीर असला की दुकानात स्टुलावर बसायची आणि तिचं तोंड बंद म्हणून नसायचं. झेरॉक्सच्या मशीनला वरची बाजू कशी कळती, शाई वाळती का, बार्शीला माल स्वस्त आणि इथं महाग का. मी दोनदा उत्तर देई आणि तिसऱ्या वेळी पाठ फिरवून खोकी लावायला घेई. तरी ती आली नाही की दुकान फार गप्प वाटायचं, हेही खरं.

तिच्या आईनं मला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं होतं. बापाला पोरगी तालुक्याला पाठवायची नव्हती. पोरींना एसटीचा पास फुकट असतो, वन्सं समोरच बसलेल्या असतात, असं करून करून आईनं त्याला एका वर्षाला राजी केलं होतं. "एकच वरीस म्हनलेत," ती म्हणाली. "पास झाली तर धावी. न्हाय झाली तर दप्तर माळ्यावर आन् पोरगी रानात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ठरलेली गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं.

सहामाही दिवाळीच्या तोंडावर झाली. प्रगतिपुस्तकावर सही करायला मी शाळेत गेले. पोरगी गणितात नापास होती आणि बाकीचे विषय कसेबसे निघाले होते. सर म्हणाले, "ताई, ही मुलगी मुकी आहे का हो? जूनपासून मी तिचा आवाज ऐकलेला नाही." मला वाटलं, सरांचं काहीतरी चुकतंय, ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत. मी त्यांना नाव परत विचारलं. नाव तेच होतं.

दुकानात आल्यावर मी तिला काही बोलले नाही. बोलण्याआधी विचार करायची माझी पद्धत आहे, आणि तेवढ्यात ती स्वतःच वही काढून बसली. बहुपदींची गणितं होती. म्हणाली, "आत्या, उणे गुणिले उणे अधिक का व्हतंय?"

"तसंच असतं."

"पन का?"

गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हटलं, "माझं गणित गेलंय, मला काय विचारतेस? समोर सर बसलेत, त्यांना विचार."

"न्हाय."

"का?"

"मार्क जातेत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माझा सभेचा फोन झाल्या दिवशीच आईनं तिला बजावलं होतं. सरांच्या हातात वीस मार्क हायत, तवा वर तोंड करून बोलायचं न्हाय. इचारायचं तर मुळीच न्हाय. इचारलं की सरांना वाटतंय ह्यांना आपलं शिकवनं पटलं न्हाय, मग राग धरत्यात. आन् राग धरला की वीस गेले. पोरीनं हे इतकं मनावर घेतलं होतं की हजेरीला "हजर" सुद्धा ती ओठातल्या ओठात म्हणायची. बाकीची सातही जणं थोड्याफार फरकानं तेच करत होती. एका घरानं तर सरांच्या दारात भला मोठा भोपळा नेऊन ठेवला होता. सरांनी तो शेजाऱ्यांनी दिलेला समजून खाल्ला.

मी त्या हातातल्या वीस मार्कांच्या वाक्याचा माग काढला. सरांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं. माझ्या तोंडून गावात जाईपर्यंत त्यातला एक शब्दही बदलला नव्हता. पण आमच्या गावात कुणाच्या हातात काही आहे म्हटलं की त्याच्यापुढं मान खाली घालायची असते. तलाठी असो, रेशनवाला असो, बँकेतला साहेब असो. गप्प बसून, नमस्कार करून लोकांची कामं झालेली आहेत. आईनं पोरीला आपल्याजवळची सगळ्यात चालणारी युक्ती दिली होती.

मी पोरीला समजावून पाहिलं. ती ऐकून घेई आणि मान डोलावी, म्हणजे तिला पटलेलं नव्हतं. आईचा शब्द आणि माझा शब्द यांत माझा टिकणार नव्हता. सोयाबीन निघाल्यावर आई बाजाराला आली तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "वहिनी, चला शाळेत."

"म्या? म्या काय करू तिथं?"

"जे पोरीला सांगितलंत ते सरांना विचारा."

तिनं पदर नीट केला, चपला शिक्षकांच्या खोलीबाहेर काढल्या. सरांनी खुर्ची दिली, ती बसली नाही. मधली सुट्टी होती. पोरगी दारात उभी, माझ्या मागं. मला वाटलं होतं बोलावं मलाच लागणार. पण ती बाई एकदम म्हणाली, "सर, ह्ये तुमच्या हातातले वीस मार्क कशाचे असतेत?"

सर गोंधळले. मग बोटांवर मोजून सांगू लागले. गृहपाठ पूर्ण ठेवायचा, छोटी चाचणी द्यायची, वर्गात काम करायचं, नाही समजलं तर विचारायचं.

"आन् गप बसल्याचे किती?"

"गप्प बसल्याचे मार्क नसतात," सर म्हणाले.

मला तिच्या चेहऱ्याकडं बघवेना. मग तिनं पोरीला दंडाला धरून पुढं ओढलं. "मग सर, हिनं इचारलं तर तुमी राग धरनार न्हाय, ह्ये हिच्या म्होरं म्हना."

सरांना अवघडल्यासारखं झालं. आजूबाजूचे दोन शिक्षक डबा खायचे थांबले होते. पण सरांनी ते म्हटलं, नीट, पोरीकडं बघून. त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे. पोरीनं मात्र तेव्हा काहीच विचारलं नाही. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली आणि घंटा झाली. परत येताना दुकानाजवळ आई म्हणाली, "वन्सं, म्याच तिचं तोंड शिवलं व्हय वो." मी म्हटलं, नाही. खोटं बोलले, आणि परत वेळ आली तर परत बोलेन.

त्यानंतर काय झालं ते मला सरांकडूनच कळत गेलं. आधी पोरगी तास संपल्यावर फळ्याजवळ घुटमळायला लागली. मग एकदा तासातच उभी राहिली. संक्रांतीनंतर सर माझ्याकडं झेरॉक्सला आले आणि म्हणाले, "ताई, तुमची मुलगी मला पुढं सरकू देत नाही." मी म्हटलं, मार्क कापा. ते हसले.

निकालाच्या दिवशी ती दुकानात आली. सगळ्या विषयांत पास, गणितात पहिल्या पाचांत. आईला माझ्याच फोनवरून सांगून झालं. पलीकडून आई म्हणाली, "बापाला देते," आणि बापानं फक्त विचारलं, धावीची पुस्तकं कुठं मिळतेत. गाडीला वेळ होता. उन्हामुळं रस्त्यावर कुणी नव्हतं. मी सहज म्हटलं, "काय गं, ते उणे गुणिले उणेचं पुढं काय झालं?"

तिनं वाया गेलेला झेरॉक्सचा कागद उलटा केला. "बघा. तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. दोन गुणिले उणे दोन, उणे चार. एकाला उणे दोन. शून्याला शून्य. दर खेपेला उत्तर दोनानं वाढतंय का न्हाय?"

"वाढतंय."

"मग म्होरं शून्याच्या खाली उणे एक आलं, की उत्तर किती?"

"अधिक दोन," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. मी कागद हातात घेतला आणि परत वरपासून खाली वाचला. त्यात काहीच अवघड नव्हतं.

"कळलं की तुमाला," ती म्हणाली. "मग तुमचं गणित कशानं गेलं?"

"मला डोकं नव्हतं."

"आत्ता तर हाय." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तवा कुनाला इचारलं व्हतं का?"

समोर शाळेचं फाटक उघडं होतं. मुलींच्या बाजूचा तिसरा बाक मला दुकानातूनही दिसतो, म्हणजे तो दिसत नाही, पण कुठल्या खिडकीत आहे ते मला माहीत आहे. हाच प्रश्न घेऊन मी तिथं अख्खं वर्ष बसले होते. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही. गाडी आली, हॉर्न वाजला. पोरगी उठली, पण निघाली नाही. उत्तर घेतल्याशिवाय जायचं नाही, हे आता तिला सरांनी शिकवलं होतं.

"न्हाय," मी म्हणाले. "न्हाय इचारलं."