दुपारी चढणारा आकडा

माणूस गेला की बालाघाटातले पुष्कळ लोक रीना मेश्रामकडे येतात. काली पुतली चौकामागच्या गल्लीत तिचं फोटोचं दुकान आहे. लग्नाचे व्हिडिओ, पासपोर्ट फोटो ही कामं ती करतेच, पण नाव झालं ते भिंतीवर लावायच्या फोटोंमुळे. आधार कार्डावरचा धुरकट चेहरा असो की कोणाच्या वरातीत मागे उभा राहिलेला बाप असो, ती तो अलगद उचलते, साफ करते, अंगात पांढरा सदरा घालते. घरचे बघून म्हणतात, "हौ, असेच होते." गेलेल्या माणसांच्या चेहऱ्यांची तिला कधी भीती वाटली नाही.

उन्हाळ्यात मात्र कॉम्प्युटर दगा द्यायचा. पत्र्याखाली तो इतका तापायचा की काम अर्ध्यावर असताना बंद पडायचा. तिचा धाकटा भाऊ लोकेश मलाजखंडला एका ठेकेदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत, घड्याळाच्या बाजूला दोन आकडे दिसू लागले. एक प्रोसेसरचा, दुसरा ग्राफिक्स कार्डाचा. मशीन किती तापलंय ते काम न थांबवता नजर टाकली की कळायचं. फार तापलं की आकडा लाल.

"लाल झाला का हात थांबव," लोकेश म्हणाला. "चाय पी, मंग बस."

रीनाला त्या आकड्यांची सवय झाली. चेहरा मोठा करायला घेतला की दुसरा आकडा चढायचा, नुसता रंग सुधारताना जागचा हलायचा नाही.

एका दुपारी ती मागच्या खोलीत जेवून पदराला हात पुसत बाहेर आली, तर दुसरा आकडा लाल होता. स्क्रीनवर काहीच उघडं नव्हतं. आतला पंखा घरघरत होता. तिनं माउसला हात लावला आणि आकडा उतरू लागला. त्र्याऐंशी, एकोणऐंशी, एकाहत्तर. पंख्याचा आवाज बसला. पावलं ऐकून कोणी हातातलं काम खाली ठेवावं, तसं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग ती मुद्दाम गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून. गल्लीत ऊन, समोरचं शटर अर्धं खाली. थोड्या वेळानं आकडा चढायला लागला. ती उठून जवळ गेली, स्क्रीनपाशी वाकली. तो चढतच राहिला. बोट माउसला लागलं आणि उतरला. चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली तर तिच्यात वावगं काही नाही. त्या दिवसापासून दुपारचा डबा ती दाराच्या उंबऱ्यावर, मशीनकडे पाठ न करता, खाऊ लागली.

त्याच आठवड्यात लामत्याहून कमलाबाई आल्या. त्यांचे मालक शालिकराम होळीच्या आधी वारले. त्यांचा फोटो रीनानंच केला होता, आणि त्याआधी त्यांच्या मुलीच्या, अंजूच्या लग्नाचा व्हिडिओही.

"काव रीना, यायले तू पाठवते काय?" त्यांनी फोन पुढे केला.

व्हिडिओत शालिकराम होते. अंगात रीनानं घातलेला पांढरा सदरा, मागे तिनंच रंगवलेलं फिकट निळं आभाळ. त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. ओठ हलले. "कमला, जेवली काय तू?" आवाज त्यांचाच होता. लग्नाच्या मंडपात पाहुण्यांना पंगतीला बोलावणारा तो आवाज रीनानं व्हिडिओ जुळवताना कित्येकदा ऐकला होता.

रीनानं व्हिडिओ थांबवला. "कधीपासून येऊन राह्यले हे?"

"झाले बरेच दिस. दुपारीच येते."

रीनाची नजर स्क्रीनच्या कोपऱ्याकडे गेली. कमलाबाईंशी बोलता बोलता कॉम्प्युटरला कोणी हात लावला नव्हता. आकडा लाल झाला होता.

लोकेश दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आला. दोघं मशीनला हात न लावता बाकावर बसले. आकडा भर चढला तसा त्यानं उठून, माउसला न शिवता, इंटरनेटची तार उपटली आणि शोधायला लागला. चेहरे मोठे करायचा एक फुकटचा प्रोग्रॅम रीनानं मागे उतरवून घेतला होता. त्याच्या आडून कोणीतरी आत शिरलं होतं.

"ज्यानं बसवलं त्यानं सगळं लपवलं, बाई," लोकेश म्हणाला. "गर्मी नाही लपवता आली."

एका खोल दडवलेल्या फोल्डरात तिच्याच फोटोंवरून, तिच्याच मशीनवर बनवलेले व्हिडिओ सापडले. त्यानं एक उघडला, मग दुसरा. तिनं भिंतीवरचा फोटो करून दिलेले खेमराज गुरुजी मान वळवून हसले. बैहरची एक तरणी पोरगी, जिच्या आईनं फोटो घेताना दुकानात टाहो फोडला होता, डोळे मिचकावत सरळ रीनाकडे बघत राहिली. तिला अजून आवाज दिलेला नव्हता. ओठ नुसते हलत होते.

"बंद कर," रीना म्हणाली. "लोकेश, बंद कर ते."

त्यानं मशीन पुसून कोरं केलं. पोलिसांत तक्रार दिली. कोण होतं ते कळलं नाही. रीनानं जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. काहींनी शिव्या दिल्या. एकानं विचारलं, आमच्या बाबाचा व्हिडिओ काहून नाही आला?

कमलाबाईंना सांगायला ती स्वतः लामत्याला गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मले माहीत होतं, ते नोहोत," त्या म्हणाल्या. "जलमभर मले अंजूची माय म्हणे. नाव कधी घेतलंच नाही त्यायनं."

"मंग पाह्यत काहून होत्या, मावशी?"

"नाव घेते ना तो."

तेवढ्यात फोन वाजला. दुकान बंद होतं, कॉम्प्युटरची तार भिंतीतून काढलेली होती, आणि तरी शालिकराम आले, पांढऱ्या सदऱ्यात, आणखी कुठल्या तरी मशीनमधून. "कमला, फोनवर एक नंबर आला असंल. तो सांग मले."

रीना फोनकडे झेपावली. कमलाबाईंनी तिचा हात धरला. पडद्यावरच्या माणसाकडे त्या जराशा वाकल्या आणि म्हणाल्या, "जेवली मी." मग फोन बंद करून तिच्या हातात दिला.

अंजूनं नंतर आईला साधा, बटणांचा फोन घेऊन दिला. पावसाळा संपल्यावर कमलाबाई दुकानात आल्या त्या वारलेल्या पुतण्याच्या फोटोसाठी. रीनाला वाटलं होतं त्या पुन्हा यायच्या नाहीत. कागदावरचा फोटो हातात आला तरी त्या उठल्या नाहीत, स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मशीनमधला फोटो रीनानं त्यांच्यासमोर पुसला.

"आता तो अंदर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी."

त्यांनी फोटो पदराखाली घेतला आणि बस गाठायला निघाल्या.