दादाबरोबर डेल्फ्टमध्ये तीन तास

दादाच्या शेजारच्या सावंतवहिनींचा फोन आला तेव्हा मी मुलुंड स्टेशनबाहेरच्या मार्केटात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. "बेबीताई, असाल तिथून निघा. दादा दार उघडत नाहीयेत," त्या म्हणाल्या. मी जुडी तशीच भाजीवाल्याच्या टोपलीत टाकली आणि रिक्षात बसले. दादाच्या घराची एक चावी माझ्याकडे असते. आमच्या सोसायटीच्या दोन इमारती, एकीत तो, दुसरीत मी. रिक्षात मी ती चावी मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचे दात उमटले. दार उघडलं तर दादा खुर्चीत बसलेला. चष्मा डोळ्यावर, पाय समोरच्या स्टुलावर. जवळ जाऊन हात लावला... आणि मग काही विचारायचं राहिलं नाही.

आता दीड महिना होत आला. पुरवणीसाठी लिही, असं मैत्रिणीने सुचवलं तेव्हा वाटलं, दादाबद्दल चार बरे शब्द लिहावेत. तो लिफ्ट मेकॅनिक होता. बापाची गिरणी बंद पडली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. लालबागच्या खोलीत आम्ही सहा जण, आणि घरात पहिला पगार आणला तो त्याने. मुलुंड, भांडुप, पवईचे टॉवर एकेक करून उभे राहिले आणि त्यातल्या कितीतरी लिफ्टच्या पोकळीत दोरांना लटकून दादाने उमेदीची वर्षं घालवली. माझं लग्न त्याने केलं, नवरा गेल्यावर मला शेजारच्या इमारतीत आणलंही त्यानेच. हे सगळं लिहिता येईल. पण मला लिहायचं आहे ते वेगळंच. ते लिहिल्याशिवाय मला सुटका नाही.

दादाला एकच मुलगा, नितीन. हुशार निघाला, इंजिनीअर झाला आणि पुढे शिकायला हॉलंडमधल्या डेल्फ्ट नावाच्या जुन्या गावात गेला. तिथेच नोकरीला लागला. त्याच वर्षी वहिनीला कॅन्सर निघाला. वहिनीने दादाला बजावलं, "त्याची नवी नोकरी आहे, त्याला कळवायचं नाही." दादाने तो शब्द पाळला. फोनवर नितीनने "आई कुठेय?" विचारलं की दादा सांगायचा, देवळात गेलीय, भाजी आणायला गेलीय. मी एकदा म्हटलं, "दादा, हे बरोबर नाही रे." तर तो म्हणाला, "ती बरी झाली की आपणच हसत सांगू त्याला." वहिनी बरी झाली नाही. अग्नी देऊन आल्यावर, ओल्या केसांनी, दादाने नितीनला फोन लावला. पलीकडून नितीन काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. दादा नुसता "अरे ऐक... अरे ऐक ना..." म्हणत राहिला.

नितीन तेराव्याला आला. चार दिवस घरात राहिला आणि बापाशी एक अक्षर बोलला नाही. निघताना दारात म्हणाला, "शेवटचं बघूसुद्धा दिलं नाहीत मला." मग त्याने नंबर बदलला. सात वर्षं दादाला त्याचा आवाज ऐकू आला नाही.

मला मात्र आला. दोन वर्षांनी एका दिवाळीत अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "आत्या, बरी आहेस ना? नितीन. बाबांना सांगू नकोस, तुला शपथ आहे." मी सांगितलं नाही. वाटलं, एवढा धागा तरी राहू दे, ओढला तर तोही तुटायचा. पुढे त्याने तिथल्याच एका मुलीशी लग्न केल्याचं कळवलं, मग मुलगी झाल्याचं. मीरा. त्याने घराचे फोटो पाठवले. अरुंद कालवा, कडेला झाडं, विटांचं घर, गडद हिरवं दार. पत्ता माझ्या फोनमध्ये होता. आणि दादा माझ्यासमोर बसून चहा पीत विचारायचा, "बेबी, तो जेवत असेल ना गो नीट?" मी म्हणायचे, "जेवत असेल रे."

गेल्या वर्षी दादाच्या हृदयाने पहिला इशारा दिला. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर महिन्याभरात त्याने युरोपच्या टूरचं माहितीपत्रक माझ्यापुढे टाकलं. आयुष्यात गोव्याच्या पुढे न गेलेला माणूस! मी पानं चाळली. पॅरिस, स्वित्झर्लंड, आणि आठव्या दिवसाच्या खाली पेनाने दोन रेघा: 'डेल्फ्ट, निळ्या चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना, ऐतिहासिक चौक, तीन तास मोकळे.' मी वर बघितलं. तो मालवणीत म्हणाला, "तो दिसलो नाय तरी चलात. त्येचो गाव तरी बघतलंय." डॉक्टरांनी विमानाला हो म्हटलं, जिन्यांना नाही म्हटलं. मी नितीनला लिहिलं. तारीख, वेळ, चौक, सगळं कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "नको आत्या. मला नाही जमणार. पत्ता देऊ नकोस, प्लीज." मी दादाला काहीच सांगितलं नाही आणि बॅगा भरायला घेतल्या.

पॅरिसमध्ये आमच्या बसमधली मंडळी टॉवरपुढे फोटो काढत होती तेव्हा दादा बसमध्येच बसून राहिला होता. स्वित्झर्लंडच्या बर्फात उतरला तो माझ्या आग्रहाखातर. आठव्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खालच्या लॉबीत तयार. कारखान्यात पांढऱ्या बशीवर बारीक ब्रशने निळी पवनचक्की काढणाऱ्या बाईकडे सगळे वाकून बघत होते, दादाचं लक्ष घड्याळाकडे. मग बसने आम्हाला गावात सोडलं. टूर मॅनेजरने सांगितलं, "चार वाजता इथेच. उशीर नको."

काय सुंदर गाव आहे ते! खरंच सुंदर आहे, म्हणून तर आठवायला नको वाटतं. मधोमध प्रचंड चौक, एका टोकाला लाल झडपांची जुनी नगरपालिका, दुसऱ्या टोकाला आभाळात घुसलेलं चर्च. भोवती चीजची दुकानं, निळ्या टाइल्सची दुकानं. कालव्यात पाणी इतकं स्थिर की घरं उलटी उभी असल्यासारखी. पुलांच्या कठड्यांना टेकवलेल्या शेकडो सायकली. आमच्यातल्या बायका आइस्क्रीम घेऊन फोटो काढू लागल्या. दादाने खिशातून नितीनचा पदवीच्या दिवशीचा फोटो काढला.

मला वाटलं नव्हतं तो असं काही करेल. तो पहिल्या दुकानात शिरला आणि काउंटरवरच्या बाईला म्हणाला, "माय सन. लिव्हिंग हिअर. यू नो?" ती बाई भली होती. तिने चष्मा लावून फोटो नीट बघितला आणि मान हलवली. मग पुढचं दुकान. मग कॅफेतला वेटर. मग सायकलवरून उतरलेला एक म्हातारा. सगळे थांबत होते, सगळे बघत होते, सगळे "सॉरी" म्हणत होते. मी मागे मागे चालत होते. एका पुलावर मी थबकले, कारण पलीकडच्या गल्लीच्या कोपऱ्यावर लावलेलं नाव मला पाठ होतं. हिरवं दार तिथून पाच मिनिटांवर असणार. दादा कठड्याला टेकून दम खात होता. मी म्हटलं, "इकडे काही नाही रे, चौकात परत जाऊ." आणि त्याचा दंड धरून मी त्याला उलट्या दिशेला वळवलं.

चौकात आल्यावर त्याने मान वर करून चर्चच्या मनोऱ्याकडे बघितलं. "वर जाता येतं?"

"तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. वेडा झालास का?"

"वरून सगळं गाव दिसेल."

"डॉक्टर काय म्हणाले विसरलास? चल, बसू या."

"बेबी, आता नाही चढलो तर कधी चढणार मी?"

मी दोन तिकिटं काढली. अंगाला भिंती घासतील एवढा तो गोल जिना. वरून कोणी उतरलं की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दादा पंधरा पायऱ्या चढायचा, थांबायचा, आधाराच्या दोराला धरून छातीवर हात ठेवायचा. त्याच्या श्वासाची शिट्टी त्या दगडात घुमत होती. "उतर रे दादा, तुझ्या पाया पडते," मी म्हणत होते, रडत होते. तो मागे वळत नव्हता. आता हा इथे कोसळला तर या जिन्यातून त्याला खाली कसं आणायचं, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. आणि तरीही माझ्या तोंडून पत्ता निघाला नाही. एका वाक्यात तो जिना संपला असता...

वर वारा असा की पदर आवरेना. खाली लाल कौलांचा पसारा, कालव्यांच्या रेघा, मुंगीएवढी माणसं. दादा कठड्याला धरून चारी बाजूंनी फिरला. प्रत्येक बाजूला थांबून एकेक छप्पर बघत होता. मग म्हणाला, "यातल्याच एकात आहे." थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेबी, तुला ठाऊक असतं तर सांगितलं असतंस ना?"

मी म्हटलं, "हो रे दादा."

खाली आल्यावर तो चौकातल्या बाकावर बसला आणि वाकून गुडघे चोळू लागला. मी पाण्याची बाटली घेऊन समोरच्या दुकानातून बाहेर पडले आणि नितीन दिसला. सायकलवर. पुढच्या छोट्या सीटवर पिवळ्या टोपीतली मुलगी. तो हळूहळू चालवत होता, इतका हळू की सायकल डगमगत होती. त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. आमच्यात वीस पावलांचं अंतर. दादा त्याच्याकडे पाठ करून वाकलेला. माझ्या घशापर्यंत आलं होतं, 'दादा, मागे बघ.' पण मला त्याची शपथ आठवली, त्याचं 'नको' आठवलं, आणि मी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा पिवळी टोपी नगरपालिकेच्या कोपऱ्यावरून वळत होती. मी दादाला पाणी दिलं. "किती वाजले गो?" त्याने विचारलं.

परत आल्यावर सांगायचं होतं. रोज ठरवायचे. पण दादा बदलला होता. येईल त्याला डेल्फ्टचं वर्णन करायचा, "काय स्वच्छ गाव, काय सभ्य माणसं. माझा मुलगा चांगल्या ठिकाणी आहे." त्याच्या त्या समाधानाला हात लावायची भीती वाटायची. गणपती झाल्यावर सांगू, दिवाळी झाल्यावर सांगू... सात महिने गेले. आपल्याला नात आहे हे कळल्याशिवाय माझा भाऊ गेला.

त्या दिवशी मी पहिला फोन डॉक्टरांना केला, दुसरा नितीनला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत्या, मी येईपर्यंत ठेवशील त्यांना?" नातेवाईक कुरकुरले, पण मी कोणाचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. बापाच्या चेहऱ्यावरची चादर त्याने स्वतः बाजूला केली आणि किती तरी वेळ नुसता बघत उभा राहिला. कोणी त्याला घाई केली नाही.

चौथ्या दिवशी दादाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. तो चहाचा कप धुता धुता म्हणाला, "त्या दिवशी मी चौकात दोनदा चक्कर मारली. दुसऱ्यांदा तुम्ही बसकडे निघाला होतात. बाबा तुझ्या हाताला धरून चालत होते."

"मला वाटलं, तू सहज चालला होतास," मी म्हटलं.

"ऑफिसमधून सुट्टी घेतली होती. मीराला पाळणाघरातून लवकर काढलं होतं." नळ चालूच होता. "स्वतःहून थांबायचं धाडस होत नव्हतं गं. वाटलं, तू हाक मारशील."

मी ओट्याला धरून खाली बसले. तोही माझ्याजवळ फरशीवर बसला. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर तो परत निघाला. मी त्याच्याबरोबर खाली गेले नाही, माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहिले. त्या खिडकीचं एक सांगायचं राहिलं. दादा माझ्याकडे यायचा तेव्हा आधी कधी फोन करायचा नाही. खाली उभा राहून "बेबी गोऽऽ" म्हणून ओरडायचा आणि मी खिडकीत आले की मगच लिफ्टकडे वळायचा. सोसायटीतली पोरं त्याची नक्कल करायची. अजूनही सकाळी दहाच्या सुमाराला मी हातातलं काम टाकून त्या खिडकीशी जाते. खाली कोणी नसतं.

नितीनने टॅक्सीत बॅग ठेवली, दार उघडलं, वर बघितलं आणि हात हलवला. मग आत बसायला वाकला. मी गजांना तोंड लावून जिवाच्या आकांताने ओरडले, "नितीऽऽन!" समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. वॉचमन उठून उभा राहिला. नितीन तसाच, अर्धा वाकलेला, थांबला आणि मान वर करून बघू लागला.

"काय गं आत्या?" त्याने खालून विचारलं.

"पोचलास की फोन कर," मी म्हटलं.