पोटुशीला कोण कापतं?

"उलटी कर, मंग बोल."

हे आमच्या खेकडेवाल्या मावशीचं पालुपद. चिंबोरीची नुसती पाठ बघून भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती हेच ऐकवायची आणि अंगठ्याने चिंबोरीच्या पोटावरची झाप उचलून दाखवायची. भरलेली की पोकळ, नर की मादी, सगळं तिथे कळतं. माणसांबद्दलही तिचं हेच मत. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची कुणी स्तुती केली की विचारायची, "उलटा करून बघितलास काय?"

रविवारी सकाळी ती गोराईहून बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला यायची आणि आमच्या सोसायटीच्या गेटाशी टोपली उतरवायची. अंगावर लुगडं, गळ्यात क्रूस, आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावर झोपमोड व्हावी. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय.

मुलाने पहाटे पकडलेला माल ती तसाच उचलून आणायची, निवड गेटावर. पोटाखाली अंड्यांचा घोस धरलेली चिंबोरी निघाली की ती ओल्या गोणपाटात वेगळी पडायची. विकायची नाही म्हणजे नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकू एकदा हट्टालाच पेटल्या, "अगो, ह्याच दी माका!"

"पोटुशीला कोण कापतं?" मावशी कडाडली. "तुझी सून पोटुशी हाय ना? मंग?"

काकूंनी निमूटपणे दुसरी घेतली. वर पैसेही पूर्ण दिले, हे विशेष!

परतीच्या बोटीतून मावशी ते गोणपाट खाडीत रिकामं करायची. एकदा मी सोबत होते. प्रत्येकीला हातात घेऊन म्हणाली, "जा गं बाय, मोकळी होऊन ये." मग क्रूसाला हात लावला. आईकडून आलेली रीत, म्हणाली.

खाडीत चिंबोऱ्या घटत चालल्या होत्या, त्याचा घोर तिला होताच. पण गेल्या काही वर्षांत पोटुशा मात्र जास्त सापडायला लागल्या. गोणपाट जड व्हायचं आणि मावशी खूश. "बघशील तू, परत भरतंय की नाय खाडी!" आम्हालाही किती बरं वाटायचं, काय सांगू.

माझी मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. एका रविवारी ती गेटावर आली, गोणपाटातली एक उचलून उलटी केली आणि बघतच राहिली.

"मावशी, हा नर आहे."

"कॉलेजात हेच शिकवतात काय? पोट बघ त्याचं!"

"झाप मादीसारखी रुंद झालीय, पण नांग्या बघा ना, नराच्याच आहेत. आणि ही अंडी नाहीत. हे बांडगूळ आहे."

आंब्यावरचं बांडगूळ मावशीला माहीत होतं. मुलीने हळूहळू समजावलं. हा परजीवी बहुतेक जहाजांत वजनासाठी भरलेल्या पाण्यातून बाहेरून आलेला. इथल्या चिंबोऱ्यांना त्याची सवय नाही. तो आतून मुळं पसरतो, बाहेर पोटाखाली ही पिशवी येते, आणि चिंबोरीला स्वतःची पिल्लं होणं बंद. नरालासुद्धा तो मादीसारखं वागायला लावतो. बिचारा ती पिशवी आपलीच अंडी समजून जपतो, आणि तिच्यातून खाडीभर नवी बांडगुळं पसरतात.

मावशीने पिशवीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत होती. खरी अंडी दाणेदार लागतात, हे ती लहानपणापासून ऐकून होती. पोटुशीच्या पोटाला हात लावायचा नाही, म्हणून तिने कधी लावलाच नव्हता.

"मंग मी काय सोडत होते गं?"

त्या दिवशी तिने गोणपाट उचललं तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

त्यानंतर ती असल्या चिंबोऱ्या पाण्यात जाऊ द्यायची नाही. किनाऱ्यावर खड्डा करून पुरायची. "हात चालत नाय बाय," म्हणायची. "त्या बापड्याला वाटतं, आपण आई झालो." मस्करी कमी झाली, आवाजही उतरला. चौथा मजला निवांत झोपायला लागला आणि मला तो आरडाओरडा हवाहवासा वाटू लागला.

मग पावसाळा सरल्यावर एका रविवारी अचानक जुना आवाज आला, "बाय! खाली ये आधी!"

तिच्या तळहातावर एक मादी होती. मावशी माझा अंगठा धरून तिच्या पोटाखाली नेत होती. दाणे! "तुझ्या लेकीला विचार." मी व्हिडिओ कॉल लावला. मुलगी म्हणाली, "खरी आहे, मावशी." मावशी तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग टोपली झाकून उठली.

"अगं, आमच्या चिंबोऱ्या?" पिशव्या घेऊन उभे असलेले आम्ही.

"पुढच्या रविवारी! हिला उशीर होतोय." आणि एरवी डोक्यावर घ्यायची ती टोपली दोन्ही हातांनी कवटाळून ती जेटीकडे धावत सुटली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. झोपेतच गेली म्हणे. आता तिचा मुलगा येतो, बर्फातलं पापलेट घेऊन. अजून खाली उतरताना मला वाटतं, ती ओरडेल.

परवा मी त्याला विचारलं, "पोटुशी मिळाली तर सोडतोस ना रे?"

"आईला तसा शब्द दिलाय," तो म्हणाला. "पण बाय, तिने सोडली ती शेवटचीच. त्यानंतर खरी एक पण मिळाली नाय."